इंटरनेटवर शेतीचा सल्ला शोधताना: सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांसाठी

समजा, ऑगस्टचा महिना आहे. कोरेगाव तालुक्यात आल्याचा प्लॉट पिवळा पडू लागला आहे. बांधावर उभे राहून तुम्ही मोबाईलवर ‘आले कुज औषध’ एवढेच टाकता. पहिल्याच पानावर गड्ड्याभोवती फोरेट दाणेदार टाकण्याचा सल्ला दिसतो. सल्ला मराठीत आहे, प्रमाणही नीट दिले आहे. पण पानावर तारीख कुठेच नाही. फोरेटचा वापर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद आहे, हे ते पान सांगत नाही, कारण ते त्याच्या कितीतरी आधी लिहिलेले आहे.

शिवाय तुमचा प्लॉट कशाने पिवळा पडला, हेही अजून ठरलेले नाही. म्हणजे चुका दोन झाल्या. प्रश्न अपुरा विचारला आणि उत्तर न तपासता घेतले. या दोन्ही कशा टाळायच्या, ते पुढे पाहू.

शोधताना काय लिहावे

शोधाच्या चौकटीत पिकाचे नाव, लक्षण, पिकाची अवस्था आणि तालुका किंवा भाग, एवढे आले पाहिजे. ‘आले कुज औषध’ ऐवजी ‘आले पीक कंदकुज खालची पाने पिवळी तीन महिने’ असे लिहिले तर निकाल बदलतात. औषधाचे नाव मागण्याआधी लक्षण मागा. आल्यात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण वरून सारख्या दिसणाऱ्या रोगांचे उपाय वेगळे आहेत.

बुरशीजन्य कंदकुजीत खालच्या पानांचे शेंडे आणि कडा आधी पिवळ्या पडतात. खोड ओढले की सहज हातात येते. जिवाणूजन्य मर असेल तर पाने हिरवी असतानाच मलूल होऊन वळतात. रोगट खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात धरला, तर कापलेल्या भागातून दुधट धागे खाली उतरताना दिसतात. कुजलेल्या गड्ड्यात बारीक अळ्या सापडल्या तर कंदमाशीचा संशय घ्या. जिवाणूजन्य मरीवर बुरशीनाशकाची आळवणी कितीही केली तरी पैसेच जातात. म्हणून आधी दोन झाडे उपटा, गड्डा चिरा, ग्लासातली चाचणी करा आणि जे दिसले ते शब्द शोधात टाका. कारण कोणतेही निघो, सरीत पाणी साचले असेल तर चर काढण्याचे काम त्याच दिवशी करा. त्यासाठी इंटरनेटची गरज नाही.

तालुका लिहिण्याचे कारण असे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, पण जिल्हा एकच, सातारा. शिराळ्याचा भात आणि जतचे डाळिंब दोन्ही सांगलीतच येतात. ‘सातारा जिल्ह्यासाठी सल्ला’ असे लिहिलेले पान नेमके कोणत्या साताऱ्यासाठी आहे, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. तालुक्याच्या नावाने काही मिळाले नाही तर ‘अवर्षणप्रवण’, ‘जास्त पावसाचा भाग’, ‘भारी काळी जमीन’ असे शब्द घालून पाहा. विद्यापीठाच्या शिफारशी अशाच भाषेत लिहिलेल्या असतात.

आपले शब्द आणि पुस्तकातले शब्द

शोधयंत्राला शेती कळत नाही, त्याला अक्षरे कळतात. ‘आले’ लिहिले की त्याला ‘पाहुणे आले’ आणि ‘पैसे आले’ हेही सापडते. म्हणून ‘आले पीक’ किंवा ‘आले लागवड’ लिहा. मराठवाड्यातल्या लोकांनी लिहिलेली चांगली माहिती ‘अद्रक’ या नावाखाली असते, तोही शब्द वापरून पाहा. ‘सुरू ऊस’ शोधताना ‘सुरू’ शब्द एकटा सोडला तर कारखाने सुरू झाल्याच्या बातम्या येतात. ‘सुरू हंगाम ऊस लागवड’ असे पूर्ण लिहावे. ‘केवडा’ म्हटले की फुलाचा केवडा येतो. ‘मावा’ म्हटले की खव्यापासून तंबाखूपर्यंत काहीही येते. ‘हळद’ एवढेच लिहिले तर लग्नातली हळद आणि चेहऱ्याचे लेप आधी दिसतात.

आपल्या भागात ‘लागण’ म्हणतात, पुस्तकात ‘लागवड’ असते. आपण ‘शाळू’ म्हणतो, शिफारशीत ‘रब्बी ज्वारी’ लिहिलेले असते. द्राक्षबागायतदार ‘डाऊनी’ म्हणतो, जुन्या पुस्तिकेत ‘केवडा’ आहे. थ्रिप्स म्हणजेच फुलकिडे आणि मिलीबग म्हणजेच पिठ्या ढेकूण. कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा हा राजम्याचा प्रकार आहे. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण नुसते ‘घेवडा’ शोधले तर भाजीच्या हिरव्या शेंगांची माहिती पुढे येते. कडधान्य म्हणून हवे असेल तर ‘राजमा लागवड’ हाही शोध करा.

उसाच्या वाणांचा गोंधळ याहून मोठा आहे. को ८६०३२ हाच ‘नीरा’. को एम ०२६५ हाच ‘फुले २६५’, आणि तो फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राचा आहे. कुणी ‘२६५’ लिहितो, कुणी ‘०२६५’, कुणी आकडे इंग्रजीत लिहितो. एका नावाने शोधून समाधान झाले नाही तर दुसऱ्या नावाने शोधा. हुमणी-हुमनी, ऊस-उस असे शुद्धलेखनाचे फरकही आजमावून पाहा. लिहिणारेही चुकतात, आणि चुकीच्या शुद्धलेखनाखाली कधी कधी चांगली माहिती दडलेली असते. टाईप करणे जड जात असेल तर बोलून शोधा. पण यंत्राने तुमचे वाक्य कसे लिहून घेतले, ते एकदा वाचा.

पान कुणाचे आणि कधीचे

पान उघडले की मजकुराआधी या दोन गोष्टी पाहायच्या. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर ते सरकारी संकेतस्थळ असते. ‘एसी डॉट इन’ हा शेवट विद्यापीठे आणि शिक्षणसंस्थांकडे असतो. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, त्यामुळे शोधात ‘राहुरी’ हा शब्द घातला तरी बराच कचरा गळतो. हळदीसाठी ‘कसबे डिग्रज’ घाला, तिथे विद्यापीठाचे हळद संशोधन चालते आणि ‘फुले स्वरूपा’ हा वाण तिथलाच आहे. उसासाठी ‘पाडेगाव’ घाला.

औषध विकणाऱ्या कंपनीचे पान वाचू नये असे नाही. उत्पादनाची माहिती तिथे नेमकी असते. पण तुमच्या रोगावर कंपनीचे औषध लागू पडते की नाही, हे कंपनीच्याच पानावर ठरवू नका.

तारखेचे महत्त्व कीडनाशकांत सर्वाधिक आहे. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने आणखी १८ कीडनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यातली १२ लगेच बंद झाली. अलाक्लोर, डायक्लोरव्हॉस, फोरेट, फॉस्फामिडॉन, ट्रायझोफॉस आणि ट्रायक्लोरफॉन ही सहा ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. यातले फोरेट आपल्याकडे हळदीच्या कंदमाशीला, आल्याला आणि उसातल्या हुमणीला वर्षानुवर्षे सांगितले जात होते. त्यामुळे जुनी पाने, जुन्या पुस्तिकांचे फोटो आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते यांत ते आजही सापडते. यातले एकही नाव ज्या पानावर दिसेल, ते पान जुने समजा आणि त्यातल्या बाकीच्या औषधांवरही विसंबू नका. ही सहा नावे वहीत लिहून ठेवण्यासारखी आहेत.

काही वेळा औषध बंद झालेले नसते, पण समजूत बदललेली असते. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पुढे झपाट्याने पसरला. त्या काळातल्या लिखाणात फवारण्यांवर भर आहे. नंतर डिफा (कोनोबाथ्रा) आणि मायक्रोमस हे मित्रकीटक या माव्याला चांगले आवरतात, हे शेतातच दिसून आले आणि मित्रकीटक असतील तिथे फवारणी टाळण्याचा सल्ला पुढे आला. २००३ चे पान आणि त्यानंतर पाच-सात वर्षांनी लिहिलेले पान शेजारी ठेवले तर एकाच किडीवर दोन उलटे सल्ले मिळू शकतात.

शोधयंत्रात निकालांचा कालावधी निवडण्याची सोय असते. कीड-रोगांसाठी ‘मागील वर्ष’ निवडा. लागणीचे अंतर, बेणे निवड, चुनखडीच्या जमिनीचे व्यवस्थापन अशा विषयांना ही अट लावू नका, तिथे जुनी माहितीही चालते.

द्राक्षासाठी वेगळी खबरदारी

तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, पलूस या भागातल्या निर्यातदार बागायतदारांना ‘कायद्याने चालते’ एवढे उत्तर पुरत नाही. २०१० चा हंगाम जुन्या बागायतदारांना आठवत असेल. महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचा, अंश सापडला आणि माल अडकला. हे संजीवक शेंडावाढ रोखण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरात होते. युरोपची मर्यादा मात्र किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, आणि निर्यातीआधी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत असे त्या यादीत ते नव्हते. शेतकऱ्याने लपवून काही केले नव्हते. ज्या यादीवर सगळे विसंबले होते ती अपुरी होती. फटका मात्र बागायतदारांना आणि निर्यातदारांना बसला.

म्हणून द्राक्षात औषधाचे नाव कुठेही वाचले तरी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीत ते आहे का, हे पाहिल्याशिवाय टाकीत ओतू नका. गेल्या वर्षी डाऊनलोड केलेली यादी मोबाईलमध्ये असेल तर ती आधी काढून टाका. यादीत तीन गोष्टी वाचा: औषध द्राक्षावर नोंदलेले आहे का, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, आणि अंशाची मर्यादा किती. औषधाचे व्यापारी नाव नव्हे, त्यातला घटक शोधा. एकाच घटकाची डझनभर व्यापारी नावे असतात. बेदाण्यासाठी ठेवलेल्या बागेलाही हेच लागू आहे, कारण द्राक्ष वाळताना पाणी जाते आणि अंशाचे प्रमाण किलोमागे वाढू शकते.

बाजारभाव वाचताना एकक पाहा

भावासाठी राज्य कृषी पणन मंडळाचे संकेतस्थळ आणि केंद्राचे ॲगमार्कनेट ही दोन ठिकाणे पुरेशी आहेत. पणन मंडळाच्या तक्त्यात जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. बहुतेक जण जास्तीत जास्त दर पाहून गाडी भरतात. तो दर कधी कधी एखाद्याच निवडक लॉटला मिळालेला असतो. हिशेब सर्वसाधारण दरावर करा आणि शेजारची आवक पाहा. सांगलीच्या हळदीत ‘राजापुरी’ची ओळ आणि दुसऱ्या बाजारातल्या वेगळ्या प्रतीची ओळ यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

खरी फसगत एककात होते. संकेतस्थळावर दर क्विंटलचा असतो. सातारा भागात आल्याचा दर गाडीवर बोलला जातो आणि गाडी म्हणजे ५०० किलो. व्यापारी गाडीला २०,००० म्हणाला तर क्विंटलला ४,००० झाले. बेदाण्याचा दर तासगाव-सांगलीत किलोवर बोलतात, किलोला १५० म्हणजे क्विंटलला १५,०००. द्राक्षाच्या बाबतीत चार किलोच्या पेटीचा दर सांगितला जातो.

उसाची एफआरपी शोधतानाही असेच होते. केंद्र सरकार ती क्विंटलवर जाहीर करते आणि आपण टनावर बोलतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये दर ठरला. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात. तुमच्या खात्यावर किती येणार, हे मात्र या आकड्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी तुमच्या कारखान्याचा उतारा आणि तोडणी-वाहतुकीची कपात हे दोन आकडे लागतात. ते कारखान्याकडे मागा.

हवामान, सातबारा, योजना

जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत वाचता येतो. फवारणीचा दिवस ठरवायला तो उपयोगी आहे. चार दिवसांपूर्वीचा सल्ला ग्रुपवर पुन्हा फिरताना दिसला तर तो पुढे पाठवू नका.

सातबारा पाहायचा असेल तर विनास्वाक्षरीचा फक्त माहितीसाठी असतो. बँकेला किंवा कार्यालयाला द्यायला डिजिटल स्वाक्षरीचा काढावा लागतो, त्याचे शुल्क १५ रुपये आहे. योजनांच्या बाबतीत एकच सांगणे: व्हॉट्सॲपवर आलेली ‘पीएम किसान’ नावाची ॲपची फाईल उघडू नका. अशा फायलींतून बँक खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आहेत.

कृषी सहायक आणि माहिती लिहिणाऱ्यांसाठी

आपल्याच भागातला एक जुना प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी समूहाने केंद्र आणि राज्य सरकारच्या मदतीने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू केला. गावोगावी संगणक केंद्रे आली. पीक सल्ला, बाजारभाव, शिक्षण, सरकारी सेवा असे बरेच काही त्यातून देण्याचा विचार होता. प्रत्यक्षात शेतकरी तिथे मुख्यतः आपल्या उसाच्या कामासाठी येत राहिले: तोड कधी, वजन किती भरले, खताची नोंद काय. पुढे संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर हीच माहिती देऊन पाहिली आणि त्या कामाला तेवढे पुरले.

शेतकऱ्याला ‘ऊस’ या विषयावर वाचायचे नसते, त्याच्या उसाचे काय ते हवे असते. म्हणून ‘ऊस पिकाचे एकात्मिक व्यवस्थापन’ या मथळ्याखाली बारा पाने चढवण्यापेक्षा ‘आडसाली उसात जूनमध्ये हुमणीचे भुंगेरे कसे गोळा करावेत’ असे एकेक छोटे पान करा. मथळ्यात शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत असू द्या. पहिल्या परिच्छेदात पिकाची आणि किडीची पर्यायी नावे एकदा लिहा, म्हणजे ‘थ्रिप्स’ शोधणाऱ्यालाही ‘फुलकिडे’ लिहिलेले पान सापडेल. तालुका, जमिनीचा प्रकार, हंगाम आणि तारीख वरच टाका.

मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेला मजकूर आणि स्कॅन केलेली पत्रके डोळ्यांना छान दिसतात, पण शोधात बहुधा येत नाहीत. कित्येक चांगल्या घडीपत्रिका अशा गायब झाल्या आहेत, हे माझ्या मते मोठे नुकसान आहे. व्हॉट्सॲपवर चित्र पाठवणे सोपे असले तरी त्याखाली तोच मजकूर टाईप करून द्यावा. चित्रावरही तारीख हवी, कारण ते पुढच्या पाच हंगामांत फिरणार आहे.

शिफारस बदलली तर जुने पान गुपचूप काढून टाकू नका. वर ठळक अक्षरांत ‘ही शिफारस रद्द’ असे लिहून नव्या पानाचा दुवा द्या. जुन्या पानाचे फोटो आधीच लोकांच्या मोबाईलमध्ये असतात, आणि ते पडताळायला माणूस परत त्याच पानावर येतो.

शोधून सापडले नाही तर

२०२५ मध्ये कृषी विभागाने आणलेल्या ‘महाविस्तार’ ॲपमध्ये मराठीत प्रश्न विचारता येतो. यंत्राने दिलेल्या उत्तरातले औषधही वर सांगितल्याप्रमाणे तपासूनच वापरा. माणसाशी बोलायचे असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत सुरू असतो आणि मराठीत उत्तर मिळते. साताऱ्यात बोरगाव आणि कराडजवळ कालवडे इथे, तर सांगलीत कांचनपूर इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. फोन करण्याआधी वाण, लागणीची तारीख, शेवटची फवारणी आणि तिचा दिवस, पाणी देण्याची पद्धत आणि पहिले लक्षण कधी दिसले, एवढे कागदावर लिहून घ्या. केंद्रात जाताना रोगट झाड मुळासकट, मातीसह, ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या. शेजारी एक निरोगी झाडही असू द्या.